दादांचं इंग्रजी तेवढं राहिलं

माझे वडील इंग्रजीचे मास्तर. आम्ही त्यांना दादा म्हणतो. घर आमचं खोडदच्या शिवारात, दुर्बिणीच्या मोठाल्या तबकड्या मागच्या दारातून दिसतात. पण दादांची सगळी नोकरी गेली शेजारच्या आंबेगाव तालुक्यात, हायवेपासून आत असलेल्या एका शाळेत. रोज सकाळी स्कूटरला किक मारायची आणि निघायचं. उन्हाळा असो, थंडी असो, शर्ट पांढराच आणि खिशाला पेन.

त्यांची शिकवायची पद्धत एकच. अर्धं वाक्य ते म्हणणार, उरलेलं अर्धं वर्गानं एका सुरात पुरं करायचं. आणि नुसते शब्द म्हणून सुटका नाही, विरामचिन्हंसुद्धा तोंडानं म्हणायची. स्वल्पविराम आला की ‘कॉमा’ म्हणून मांडीवर थाप, वाक्य संपलं की ‘फुलस्टॉप’ म्हणून बाकावर मूठ. दादा म्हणणार, “इफ यू डू नॉट स्टडी,” की पोरं ओरडणार, “कॉमा, यू विल फेल, फुलस्टॉप!” आणि सगळे बाक दणकन वाजायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, आत भजन चाललंय.

घरीही तेच. जेवायला बसलं की घास तोंडात आणि दादांचं अर्धं वाक्य कानात. मी आणि भाऊ दोघं वैतागायचो. एकदा मी चिडून म्हटलं, “दादा, भाकरी तरी सुखानं खाऊ द्या.” तर म्हणाले, “हेच इंग्रजीत सांग, मग खा.” आता बोला! एवढं करून माझं इंग्रजी काय कामाला आलं, तर अवसरी खुर्दला इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची मेस चालवते, तिथं ‘ओन्ली टू चपाती’ म्हणून दरडावायला. पण दादांना इंग्रजीचं वेड होतं आणि त्याला कारणही होतं. आमच्या वस्तीत इंग्रजी येणारा हा पहिला माणूस. बौद्ध वस्तीतला पोरगा इंग्रजी शिकवतो म्हणून गावातली भलीभली माणसं सरकारी कागद वाचून घ्यायला आमच्या ओट्यावर येऊन बसायची. त्यामुळं दादांचं इंग्रजी आख्ख्या वस्तीला आपलं वाटायचं.

रिटायर झाल्यावर एका सकाळी अंगणात दाढी करताना दादा कोसळले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नारायणगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झालीय, जीव वाचला हेच खूप. घरी आणलं तेव्हा तोंडातून नुसतं “ता… ता… ता…” एवढंच यायचं. आम्ही काय म्हणतो ते त्यांना किती कळतं, कुणालाच सांगता येईना. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस असा खाटेवर पडून ‘ता ता’ करताना बघणं म्हणजे काय असतं, ते बघणाऱ्यालाच ठाऊक.

एकच गोष्ट शाबूत राहिली होती. कुणी हात जोडून “जय भीम” म्हटलं की दादा उलट “जय भीम” म्हणायचे. अगदी खणखणीत. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, जन्मभर तोंडात घोळलेलं असतं ते वेगळं राहतं, मनातलं बोलायला मात्र शब्द सापडत नाहीत. आईनं ते ऐकलं मात्र, दुसऱ्या दिवसापासून तिनं नेम धरला. सकाळी उठून दादांच्या खाटेसमोर उभी राहायची आणि डोक्यावर पदर घेऊन “जय भीम” म्हणायची. दादा “जय भीम” म्हणायचे. मग ती चहा ठेवायला जायची. आता नवराबायको आपसात कधी असं करतात का? मला हसावं की रडावं कळेना. तर आई म्हणाली, “हसू नगं. तेवढाच आवाज येतो कानावर. मला एकदा ‘अगं’ म्हणून हाक मारू दे, एकदाच. मग मला काय बी नगं.”

एवढंच मागणं होतं तिचं. भाऊ चाकणला कंपनीत. तो रजा टाकून दादांना पुण्याला स्पीच थेरपीला न्यायचा. तिथली बाई चित्रं दाखवायची आणि म्हणायची, “आजोबा, हे काय? पा… पा…” दादा मान फिरवून भिंतीकडं बघायचे. मास्तर माणूस, त्याला कुणी बालवाडीत बसवलेलं कसं चालेल? पण बाई चिवट होती. म्हणायची, वर्ष लागेल, दोन लागतील, सोडू नका.

मग एक दिवस, मी माहेरी आले होते तेव्हा, दुधाचा टेम्पो चालवणारा एक जण भेटायला आला. दादांचा जुना विद्यार्थी, शाळेत नापास होऊन होऊन थकलेला. खाटेशी बसून त्यानं दादांचा हात हातात घेतला आणि रडायला लागला. काय बोलावं सुचेना, तर उगाच आपलं म्हणाला, “सर, वळखलं का? ही इज अ‍ॅन ऑनेस्ट मॅन…”

दादांचा डावा हात उठला. मांडीवर थाप पडली. “कॉमा,” दादा म्हणाले, “बट हिज ब्रदर इज अ थीफ. फुलस्टॉप.” आणि खाटेच्या कडेवर मूठ आपटली.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. टेम्पोवाला तोंड उघडं टाकून बसलेला. मी म्हटलं, “द सन राइजेस…” दादा म्हणाले, “इन द ईस्ट. फुलस्टॉप.” मी एकामागून एक सोडत गेले, आठवतील ती सगळी, आणि दादा एकेक पुरं करत गेले. कॉमा चुकला नाही, फुलस्टॉप चुकला नाही. अहो, मी नाचायची बाकी राहिले होते! टेम्पोवाला तर गावभर सांगत सुटला, की सर बोलायला लागले, अन् ते बी इंग्रजीत.

झालं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर जत्रा. वस्तीतली म्हातारी माणसं, जुने विद्यार्थी, बाजारपेठेतले कापडवाले शेठसुद्धा येऊन गेले. ज्याला जे वाक्य येईल ते अर्धं म्हणायचं, दादा पुरं करायचे, की सगळे टाळ्या वाजवायचे. “लई भारी, राव! लकव्यानं बी इंग्रजी हाललं न्हाई!” आणि इथंच सगळ्यांचं चुकलं. इंग्रजी म्हणजे अवघड. ते शिकायला आमच्या लोकांना पिढ्या लागल्या. मराठी काय, ती तर आईच्या पोटातून येते. तेव्हा ज्याला इंग्रजी परत आलं, त्याला मराठी यायला कितीसा वेळ लागणार? दादांचे चुलते म्हणाले, “अवघड व्हतं ते आलं. सोपं आता आपसूक येतंय. उगं त्या पुण्याच्या बाईकडं कशाला फरफटवता त्याला?” भावालाही रजा मिळत नव्हती. पुण्याच्या खेपा बंद झाल्या. ती बाई फोनवर सांगत होती, की अहो, ती नुसती पाठ वाक्यं आहेत, त्यांचं बोलणं नाही ते. पण जो माणूस ‘नायदर’ आणि ‘नॉर’ बरोबर लावतो, त्याला बोलता येत नाही हे आमच्या घरात कुणाला पटायचं?

कॉलेजला सुट्टी लागली तशी मी मेसला कुलूप लावून माहेरी येऊन राहिले. रोज सकाळी दादांना उशी लावून बसवायचं आणि आमची प्रॅक्टिस सुरू. मी अर्धं, दादा अर्धं. त्या वेळेपुरते ते पहिले दादा असायचे. डोळे चमकायचे, मान ताठ व्हायची. माझा उच्चार चुकला तर कपाळाला आठी पडायची. आई समोर वाटाणे सोलत बसायची. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. ती प्रत्येक वाक्याला विचारायची, “काय म्हणले?”

“म्हणाले, सूर्य पूर्वेला उगवतो.”

“अन् आता?”

“म्हातारा गरीब होता, तरी सुखी होता.”

“अन् माझं काय म्हणले?”

काय सांगणार, कपाळ? पुस्तकात तिचं काहीच नव्हतं. म्हणून मी एक दिवस माझ्या मनानं वाक्य केलं. आईला दादांच्या समोर बसवलं, तिच्याकडं बोट केलं आणि म्हटलं, “माय वाइफ इज…”

दादा आईकडं बघत राहिले. ओठ हलले. कपाळावर घाम आला, गळ्याची शीर फुगली. आईनं हातातली शेंग तशीच धरली होती. मी परत म्हटलं, हळू, “माय वाइफ इज…” दादांनी डोळे मिटले. मग डावी मूठ खाटेवर पडली आणि ते म्हणाले, “फुलस्टॉप.”

“काय म्हणले?” आईनं विचारलं.

“दमलेत,” मी म्हटलं. तिनं पाणी आणून पाजलं. तेव्हा मला पहिल्यांदा पुण्याच्या बाईचं म्हणणं खरं वाटलं. मी तिला फोन लावला. म्हणाली, घेऊन या, पण मधे वेळ फार गेलाय. पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं.

जाणं झालंच नाही. दादांच्या खोलीत वास यायला लागला होता. आम्हाला वाटलं, उंदीर मेला असेल. मी खाट ओढली, कोपरे झाडले, कपाट हलवलं. काही नाही. शेवटी आईनं दादांच्या उजव्या पायातला मोजा काढला. तो पाय गार पडतो म्हणून ती मोजा घालायची आणि मोज्याच्या वरच, पोटरीला, तेल लावून चोळायची. अंगठा काळा पडला होता, शेजारची दोन बोटंही, आणि टाचेपर्यंत पाय निळसर. दादा आमच्याकडं टकामका बघत होते. कधीपासून दुखत असेल, दुखत तरी होतं की नव्हतं, कुणाला ठाऊक? रोज सकाळी ह्या माणसानं माझ्याशी तासभर फाडफाड इंग्रजी बोलायचं आणि ‘माझा पाय सडतोय’ एवढं त्याला सांगता येऊ नये! मला त्या सगळ्या वाक्यांचा असा संताप आला, की काय सांगू.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायावर गुंडाळलेलं फडकं उघडलं आणि लगेच झाकलं. शुगर होती, रक्त पोचत नव्हतं. म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल, आणि उद्याच. नाहीतर विष अंगात भिनेल. भाऊ चाकणहून थेट तिथंच आला होता. तो सही करायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं.

“अरे, त्यांना विचारशील की नाही? पाय त्यांचा आहे.”

“काय विचारू? अन् ते काय सांगणार?”

“ते काही का सांगेनात, विचार तर.”

त्यानं विचारलं. दादांच्या कानाशी वाकून, नीट समजावून, पायाला हात लावून. “दादा, पाय काढावा लागतोय. काढू का?” दादांनी मान हलवली. भाऊ माझ्याकडं बघून म्हणाला, “झालं?” मी दादांना विचारलं, “दादा, मी तुमची आई आहे ना?” दादांनी तशीच मान हलवली.

मग इंग्रजीच उरलं. दुसरं होतं काय आमच्याकडं? मी दादांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्यांच्या उजव्या पायाकडं बोट केलं, हातानं कापल्याची खूण केली, दोनदा केली. दादांची नजर माझ्या हाताबरोबर पायावर गेली. तिथं थांबली. मला वाटलं, कळलं. मी म्हटलं, “द डॉक्टर विल कट माय लेग, बट आय…”

वॉर्डात शेजारच्या खाटेवरचा रेडिओ चालू होता, तो कुणीतरी बंद केला. दादांचा डावा हात हलला.

“कॉमा,” दादा म्हणाले. “बट आय वॉज नॉट अफ्रेड. फुलस्टॉप.”

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं त्याची बाही ओढली, “काय म्हणले? काय म्हणले?”

“भीत न्हाई म्हणले, आई. मला भ्या वाटत न्हाई म्हणले.”

“ते कधी भ्यालेच न्हाईत,” आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. शेजारच्या खाटेवरचा बाबा म्हणाला, “वाघ हाय, वाघ!”

मी भावाला बाहेर पॅसेजमध्ये ओढलं. “मेल्या, ते कुत्र्याचं वाक्य आहे! ‘द डॉग बार्क्ड अ‍ॅट मी, बट आय वॉज नॉट अफ्रेड.’ आठवीला तूसुद्धा हजार वेळा म्हटलंयस. ‘बट आय’ म्हटलं की ते तेच म्हणणार.”

“म्हाईत हाय मला,” भाऊ म्हणाला.

“मग?”

“मग काय? तुझ्याकडं दुसरं वाक्य हाय का? असलं तर जा, म्हण.” त्याचा आवाज फाटला. “अगं, मला बी काय तरी घेऊन सही करायची हाय. नुसत्या हातानं कशी करू?”

माझ्याकडं दुसरं वाक्य नव्हतं. आत डॉक्टर थांबले होते. भावानं सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. ताप उतरला, रंग सुधारला. दादा नुसते झोपून असायचे. उठले की दूध प्यायचे आणि परत डोळे मिटायचे. पायांवर चादर टाकलेली. आम्ही तिघंही त्या चादरीकडं बघायचं टाळायचो. आई उशाशी बसायची, भाऊ खिडकीत, मी औषधांपाशी. मी कुठलंही वाक्य काढलं नाही. माझी हिंमतच नव्हती.

एका सकाळी आई वाटीत लापशी घेऊन दादांच्या खाटेवर बसली होती. मी पलीकडं सफरचंद चिरत होते. दादांनी डोळे उघडले. आईकडं बघितलं, नीट, माणूस माणसाकडं बघतो तसं. आणि म्हणाले, “अगं.”

आईच्या हातातली वाटी कलंडली. लापशी चादरीवर सांडली तरी तिला भान नाही. “ओ!” म्हणाली ती, इतक्या जोरात, की नर्स दारात आली. “ओ! काय हो? बोला की! मी हाय हितंच!” तिचं तोंड असं फुललेलं मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

“अगं,” दादा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ. “माझा पाय कुठाय?”

आई तशीच राहिली. हसू तोंडावर होतं तसंच होतं, ते कुठं ठेवावं हे तिला कळेना. मग तिनं सांडलेली लापशी पदरानं पुसली, चादर ओढून सारखी केली आणि म्हणाली, “हाय की. चादरीखाली हाय. खावा तुमी.”

“न्हाई गं. न्हाई तिथं. कुठाय?”

त्या दिवसभर दादा बोलत होते. पुण्याच्या बाईनं फोनवर सांगितलं, हे फार चांगलं लक्षण आहे, आपणहून बोलतायत, बोलू द्या. दादा आईला विचारायचे, भावाला विचारायचे, सलाईन बदलायला येणाऱ्या पोरीला विचारायचे. तेवढंच विचारायचे. भाऊ दुपारीच काहीतरी आणतो म्हणून बाहेर गेला तो फिरकला नाही. आई प्रत्येक वेळी सांगायची, हाय, हितंच हाय, आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज बारीक होत जायचा.

दिवेलागणीला ती उठून माझ्यापाशी आली. माझा दंड धरून हळूच म्हणाली, “बाय, त्यास्नी ते इंग्रजी बोलायला लाव गं. मगाचधरनं लावायला सांगणार व्हते तुला. लाव.”

मी दादांच्या जवळ गेले. त्यांचा हात हातात घेतला आणि सगळ्यांत सोपं वाक्य काढलं, पाचवीतलं, गाईचं. अर्धं म्हटलं आणि थांबले. दादांनी ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर आपला डावा हात ठेवला.

“बाय,” दादा म्हणाले, “तू तरी सांग. पाय कुठाय माझा?”